हाताचे स्वराज्य

रायपूर शहरातील तात्यापारा, बुढापारा, ब्राह्मणपारा अशा जुन्या वस्त्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, तेव्हा कारभाराच्या निमित्ताने काही घराणी इकडे आली. पुढे इंग्रजी राजवटीत मध्यप्रांताच्या नोकऱ्यांनी आणि रेल्वेने आणखी काहींना आणले. दीर्घ वास्तव्याने त्यांच्या बोलण्यात हिंदी आणि छत्तीसगढी शब्द मिसळले, पानातील भाताचे माप वाढले आणि रात्री पाण्यात भिजवून ठेवलेल्या भाताची ‘बासी’ही काही घरांतून रुजली. मात्र वरणभात असो वा बासी, खावयाचे ते उजव्या हाताने, हा नियम नागपूरला होता तसाच रायपुरातही राहिला. भात कालवावा, पोळीचा तुकडा एकाच हाताच्या बोटांनी मोडावा, आमटीचा ओघळ मनगटावर येऊ न देता घास तोंडाशी न्यावा, हे कौशल्य बालपणी एकदा साधले की जन्मभर त्याची आठवणही होत नाही.

आठवण होते ती एखाद्या सकाळी. घरातील कर्ता पुरुष अंथरुणातून उठावयास जातो आणि त्याचे उजवे अंग त्याचे ऐकत नाही. रायपुरात याला ‘लकवा’ म्हणतात, मराठीत अर्धांगवायू किंवा पक्षाघात. धावपळ होते, रुग्णालय होते. जीव वाचतो आणि काही दिवसांनी तो घरी येतो. पान मांडले जाते. उजवा हात मांडीवर निश्चेष्ट पडलेला असतो आणि पत्नी किंवा सून त्याला घास भरवते. भरविणारीच्या मनात माया असते आणि कर्तव्यही असते. परंतु ज्याने चाळीस वर्षे पंक्तीला वाढप केले, लग्नकार्यात आग्रह केला, त्याला त्या घासाबरोबर आणखीही काही गिळावे लागते. अशा वेळी त्या माणसाला नेमके काय परत मिळावयास हवे आहे? हाताची शक्ती, की हाताचे काम? वरवर पाहता हे दोन्ही एकच वाटते. ते एक नाही, हे उमगावयास वैद्यकविद्येला फार मोठा काळ लागला; आणि ते ज्यांनी प्रथम ओळखले, त्यांत वैद्यकाबाहेरून आलेली माणसे बरीच होती.

रोग जुना आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत वातव्याधींच्या प्रकरणी त्याचा निर्देश आहे व स्नेहन, स्वेदन इत्यादी उपाय सांगितले आहेत. तेलाने अंग चोळण्याची घरोघरची रीत त्या परंपरेशी नाते सांगणारी आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत डोक्याच्या एका बाजूस जखम झाली असता दुसऱ्या बाजूच्या अंगाला झटके येतात, हे निरीक्षण नोंदविलेले आढळते. १६५८ साली स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर या वैद्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा आघाताने मेलेल्या माणसांचे शवविच्छेदन करून, मेंदूत झालेला रक्तस्राव हे त्यांच्या मृत्यूचे कारण असल्याचे त्याने दाखविले. पुढील दोन शतकांत हे ज्ञान विस्तारले. रक्तवाहिनी फुटते किंवा तुंबते, मेंदूचा काही भाग रक्तावाचून मरतो आणि त्याच्या अधीन असलेले विरुद्ध बाजूचे अंग लुळे पडते, एवढा कार्यकारणभाव स्पष्ट झाला. १९३७ साली कॅनडात पेनफील्ड आणि बोल्ड्री यांनी मेंदूच्या पृष्ठभागाचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यात हाताने आणि बोटांनी अडविलेली जागा पाहणाऱ्यास चकित करते. सर्व धडाच्या वाट्यास येत नाही एवढी जागा एकट्या हाताला लागते. अर्धांगवायूत पाय पुष्कळदा चालता होतो आणि हात मात्र मागे राहतो, याचे एक कारण असे की ज्या रक्तवाहिनीत हा आघात सर्वांत अधिक वेळा होतो, तिच्याच प्रदेशात चेहऱ्याची आणि हाताची ही विस्तीर्ण वसाहत येते.

हे सर्व ज्ञान मेंदूचे होते. हाताकडे वैद्यांचे लक्ष गेले ते मोजमापाच्या द्वारे. १७९८ साली फ्रान्समध्ये रेन्ये याने माणसाच्या मुठीची ताकद मोजणारे पोलादी कमानीचे यंत्र लोकांपुढे ठेवले. ते मुठीत दाबावे आणि काटा कोठवर सरकला ते पाहावे. एकोणिसाव्या शतकातील मज्जातंतूंच्या वैद्यांनी ते उचलले. लुळ्या पडलेल्या हाताचा जोर आकड्यात मांडता येऊ लागला, आणि आकडा मिळाला की प्रश्न सुटल्यासारखे वाटणे हा मनुष्यस्वभावच आहे. वस्तुतः मुठीचा जोर हा हाताच्या कर्तृत्वाचा एक अंश होय. सदऱ्याची गुंडी लावावयास जोर थोडाच लागतो; तेथे लागते ती अंगठा आणि तर्जनी यांची समजूत.

याच शतकातील एक उदाहरण फार बोलके आहे. १८६८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लुई पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांचे डावे अंग लुळे पडले. ते वाचले, पण डावा हात जन्मभर आखडलेला राहिला आणि चाल लंगडी झाली. रेशमाच्या किड्यांच्या रोगावरील संशोधन त्यांनी त्यानंतर पुरे केले. अँथ्रॅक्सच्या लशीचा १८८१ सालचा जाहीर प्रयोग आणि १८८५ सालची रेबीजची लस हे दोन्ही त्या झटक्यानंतरचे. प्रयोगशाळेतील नाजूक हस्तकौशल्याची कामे सहकारी करीत; प्रयोगाची आखणी आणि निर्णय पाश्चर यांचे असत. त्यांच्या डाव्या मुठीचा जोर कोणी मोजला असता तर आकडा दीनवाणाच निघाला असता. पण पाश्चर परावलंबी होते असे म्हणण्यास कोणी धजणार नाही. त्यांच्याभोवतीची व्यवस्था अशी होती की हातातील उणीव कामाच्या आड आली नाही. सामान्य माणसाला मात्र अशी प्रयोगशाळा आणि असे सहकारी लाभत नाहीत. त्याच्यासाठी ती व्यवस्था कोणी तरी योजून द्यावी लागते.

ती योजून देण्याचे शास्त्र ज्याने प्रथम नावारूपास आणले, तो वैद्य नव्हता. जॉर्ज एडवर्ड बार्टन हा अमेरिकन वास्तुविशारद क्षयाने जर्जर झालेला होता. पुढे त्याच्या डाव्या पायाचा काही भाग कापावा लागला आणि त्यानंतर त्याचे डावे अंग लुळे पडले. न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी त्याने १९१४ साली एक घर घेतले, तेथे सुतारकाम आणि बागकाम आरंभिले आणि त्या कामातूनच आपले अंग पुन्हा वळणावर आणले. रुग्णाला काम देणे हा करमणुकीचा प्रकार नसून तो उपचार आहे, हे त्याने स्वतःच्या देहावर पडताळून पाहिले होते. १९१७ सालच्या मार्च महिन्यात त्याच घरी काही मंडळी जमली आणि या विचाराचा प्रसार करणारी संस्था स्थापन झाली. ऑक्युपेशनल थेरपी हे नाव बार्टनचेच. मराठीत त्यास व्यवसायोपचार म्हणतात, पण येथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा एवढाच अर्थ घ्यावयाचा नाही. दात घासणे, वेणी घालणे, पानात वाढलेले स्वतः खाणे, हे सर्व माणसाचे व्यवसायच होत.

त्याच १९१७ साली वॉशिंग्टन येथील शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ या मानसशास्त्रज्ञाने ऑग्डेन या सहकाऱ्याबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूतील इजेमुळे ज्यांचा एक हात लुळा पडला आहे अशा माकडांचा चांगला हात त्यांनी बांधून ठेवला आणि लुळ्या हातालाच काम करावयास भाग पाडले. तो हात काही आठवड्यांत पुन्हा कामास लागला. ज्या माकडांना असे भाग पाडले नव्हते, त्यांची प्रगती तशी झाली नाही. त्यापूर्वी दोन वर्षे फ्रान्झने माणसांविषयीही लिहिले होते. जुन्या, वर्षानुवर्षांच्या अर्धांगातही हालचाल परत येण्याची शक्यता असते, असे त्याचे म्हणणे होते. वैद्यकाने ही दोन्ही निरीक्षणे वाचली आणि बाजूला ठेवली. मेंदूचा मेलेला भाग जिवंत होत नाही, मग हात कोठून सुधारणार, हा तर्क इतका सरळ दिसत होता की त्यापुढे प्रत्यक्ष पुरावाही अर्धशतकाहून अधिक काळ अडगळीत राहिला.

भारतात हा विचार आला तो एका अमेरिकन स्त्रीच्या द्वारे, आणि मराठी घराच्या उंबरठ्यावरून. १९०० साली क्वेकर पंथाच्या कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी यांनी विष्णू निंबकर यांच्याशी विवाह केला आणि त्या कमलाबाई निंबकर झाल्या. भारतात येऊन संसार आणि शिक्षणकार्य केल्यावर, चाळिशी उलटून गेली असताना, त्या पुन्हा अमेरिकेस जाऊन फिलाडेल्फिया येथे विद्यार्थिनी म्हणून बसल्या आणि व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन परतल्या. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांच्या पुढाकाराने या विषयाचे विद्यालय सुरू झाले. आशियातील ते पहिले मानले जाते. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघ स्थापन झाला, आणि त्याच वर्षी जगातील ज्या दहा देशांनी एकत्र येऊन या विषयाचा जागतिक संघ उभारला, त्यांत भारत होता. स्वतंत्र होऊन पाच वर्षे झालेल्या, साथींनी आणि अन्नटंचाईने गांजलेल्या देशाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. १९५५ साली मुंबईतच हाजी अली येथे केंद्रीय पुनर्वसन संस्थाही उभी राहिली. कमलाबाई १९७९ साली निवर्तल्या. साताऱ्याकडील फलटण गावी त्यांच्या नावाची शाळा आहे. तिच्यात शिकणाऱ्या मुलांपैकी कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे, की या बाईंनी देशातील अपंगांच्या हातांना काम दिले.

आरंभीच्या त्या काळात या विद्यालयांपुढे पोलिओची मुले आणि अपघातात सापडलेले कामगार हेच प्रामुख्याने होते. हाताचा प्रश्न देशात आणखी एका रोगाने मांडला होता, आणि छत्तीसगड त्याच्याशी चांगलाच परिचित होता. विसाव्या शतकाच्या आरंभापासून चांपा आणि धमतरी या भागांत मिशनरी मंडळींनी कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थाने चालविली. कुष्ठरोगाने बोटे वाकतात आणि त्यांची संवेदना जाते. दक्षिणेत वेलोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास अशा वाकलेल्या बोटांवर स्नायुबंध फिरवून लावण्याच्या शस्त्रक्रिया आरंभिल्या. बोटे सरळ झाली आणि मूठ मिटू लागली. पण एक अनपेक्षित तक्रार पुढे आली. वाकलेले हात पसरले असता भिक्षा मिळत होती; सुधारलेल्या हातांना ना भीक मिळे, ना काम. तेव्हा रुग्णांना सुतारकामासारखे उद्योग शिकविणारे केंद्र त्यांना रुग्णालयाच्या जोडीस उघडावे लागले. शस्त्राने हाताला शक्ती दिली तरी स्वावलंबन कर्मशाळेतूनच यावयाचे, हा धडा अर्धांगवायूलाही तंतोतंत लागू पडतो.

रायपूरच्या वाट्यास या साऱ्यातील काय आले? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. नागपूरला १९४७ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले होते, आणि पुढे तेथे व्यवसायोपचाराचे शिक्षणही सुरू झाले. रायपूरचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचे. तोवर, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, अवघड दुखण्यासाठी हावडा–मुंबई मार्गावरील गाडीत बसून सुमारे तीनशे किलोमीटर पश्चिमेस जाणे हा रायपूरकर मराठी कुटुंबांच्या आयुष्याचा भाग होता. तेथे बहुधा कोणी तरी आप्तही असे. पण अर्धांगवायूच्या रुग्णाला एक दिवसाचा उपचार पुरत नाही. त्याला महिनोन्‌महिने रोज थोडे थोडे शिकावे लागते, आणि तीनशे किलोमीटरवरचा शिक्षक रोज भेटत नाही. २००० साली छत्तीसगड राज्य झाले. २०१२ साली रायपुरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली आणि शहरापुरते अंतर कमी झाले. परंतु जगदलपूरच्या माणसाला रायपूरही सुमारे तीनशे किलोमीटरच पडते. नागपूर आणि रायपूर यांच्यामधील जुने अंतर आता रायपूर आणि बस्तर यांच्यामध्ये जाऊन बसले आहे, एवढाच काय तो फरक.

दरम्यान जगात या विषयाचे ज्ञान पुष्कळ पुढे गेले. १९५१ साली अमेरिकेत टॉमस ट्विचेल याने अर्धांगवायूच्या १२१ रुग्णांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि हात कोणत्या क्रमाने परततो ते दाखविले. सामान्यतः खांद्याकडील हालचाल आधी येते, बोटांची मागाहून. आणि बोटांतही मिटणे आधी, उघडणे नंतर. अनेक रुग्णांची मूठ घट्ट मिटते आणि उघडत नाही, ती या मधल्या पायरीवर अडकल्यामुळे. अशा रुग्णाच्या हाती रबरी चेंडू देऊन तो दिवसभर दाबावयास सांगण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. ज्याचा हात मिटण्यातच अडकला आहे, त्याला मिटण्याचाच सराव देण्यात काय हशील, असा प्रश्न जाणते उपचारक विचारतात. तांब्या पकडता आला आणि सोडता आला नाही, तर पकडण्याचा उपयोग काय?

मोजमापातही क्रांती झाली. १९६३ साली सिडनी कॅट्झ याने आणि १९६५ साली फ्लॉरेन्स महोनी व डोरोथिया बार्थेल यांनी रुग्णाच्या दैनंदिन स्वावलंबनाची मापे प्रसिद्ध केली. बार्थेल यांच्या मापात दहा प्रश्न आहेत आणि एकूण गुण शंभर. रुग्ण स्वतः जेवतो काय, अंघोळ करतो काय, कपडे घालतो काय, शौचास जाऊ शकतो काय, जिना चढतो काय, असे ते प्रश्न. त्या दहांतील एकही प्रश्न मुठीच्या जोराविषयी नाही. दीडशे वर्षांपूर्वी पोलादी कमानीवर सुरू झालेले मोजमाप अखेर जेवणाच्या पानावर आणि न्हाणीघराच्या उंबरठ्यावर येऊन पोचले. याचा अर्थ शक्ती निरुपयोगी ठरली असा नव्हे. मुठीत अजिबात जोर नसेल तर भरलेला पेला उचलणार कसा? ती साधन म्हणून हवी, परंतु साध्याची जागा तिला देता येत नाही.

फ्रान्झच्या माकडांचा धडाही शेवटी माणसांपर्यंत आला. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी दाखविले की लुळा हात पुष्कळदा जितका असमर्थ असतो त्याहून अधिक असमर्थ राहतो, कारण आरंभीच्या अपयशांमुळे तो न वापरण्याचीच सवय जडते. चांगल्या हाताला जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा चढवून दूर ठेवावयाचे आणि दुबळ्या हाताकडून दोन आठवडे कसून काम करून घ्यावयाचे, ही रीत त्यांनी घालून दिली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आघात होऊन तीन ते नऊ महिने लोटलेले २२२ रुग्ण होते. या रीतीने शिकविलेल्यांचा हात इतरांपेक्षा निश्चितपणे अधिक सुधारला. ही रीत प्रत्येकाला लागू नाही. मनगट आणि बोटे थोडी तरी उघडत असावी लागतात, आणि ते जाणत्याने तपासून ठरवावयाचे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत मोठा असतो हेही खरे. पण तीन महिने सरले म्हणजे दार बंद झाले, हा समज आता टिकत नाही.

हे सर्व शास्त्र परदेशी आहे, आणि त्यात एक उणीव आहे ती आपल्याच घराने भरून काढावयाची आहे. पाश्चात्त्य रुग्णाचा हात काटाचमच्याकडे परततो. तेथे उजवा गेला तर डाव्याने चमचा धरावा, बोलणारे कोणी नाही. आपल्याकडे दोन हातांची वाटणी ठरलेली आहे: उजवा अन्नासाठी आणि देवपूजेसाठी, डावा शौचाच्या पाण्यासाठी. त्यामुळे उजवे अंग गेलेल्या माणसापुढे पेच पडतो की डाव्या हाताने जेवावे कसे; आणि डावे गेलेल्यापुढे त्याहून बिकट पेच, जो तो कोणाला सांगतही नाही. कित्येक रुग्ण जेवण कमी करतात, कारण जेवण वाढले की दुसऱ्याची मदत घेण्याची वेळ वाढते. स्त्रियांची गोष्ट आणखी निराळी. निऱ्या एका हाताने घालता येत नाहीत, पोळी एका हाताने लाटता येत नाही, कुंकू डाव्या हाताने लावावयाचे नाही. ज्या स्त्रीने घराला आयुष्यभर वाढले, तिच्या हातून पळी काढून घेतली की तिचे घरातील स्थानच हालते. ‘तुम्ही आता बसा स्वस्थ’ हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असते, पण न वापरण्याची जी सवय टाउब यांनी प्रयोगशाळेत पाहिली, तिचा आरंभ बहुधा याच वाक्याने होतो.

मग घराने करावे काय? उपाय लहान आहेत आणि फारसे खर्चाचे नाहीत. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा, म्हणजे दुबळ्या मुठीत तो राहतो. थाळीखाली ओले फडके घालावे, म्हणजे ती सरकत नाही; उभ्या काठाची थाळी घ्यावी, म्हणजे भात काठाशी लोटून बोटांत येतो. कपडा घालताना लुळा हात बाहीत आधी घालावा आणि काढताना शेवटी काढावा. नाडीच्या जागी इलॅस्टिक घालावे. न्हाणीघरात भिंतीला धरावयास दांडा आणि पाण्याची फवाऱ्याची नळी बसवावी. रुग्णाला उठविताना लुळ्या हाताला धरून ओढू नये. त्याने खांदा दुखावतो, आणि दुखरा खांदा हाताची सारी प्रगती रोखतो. तेलाने अंग चोळावयास हरकत नाही, पण चोळल्याने हात काम शिकत नाही, हे ध्यानी ठेवावे. मुख्य म्हणजे लुळ्या हाताला रोज काही तरी खरे काम असावे, मग ते डाव्या हाताने चिरावयाची भाजी जागेवर दाबून धरण्याचे का असेना. आणि या सर्वांच्या आधी एक गोष्ट: तोंड वाकडे झाले, हात गळला, वाचा अडखळली, की मालिशवाल्याची किंवा सकाळ होण्याची वाट न पाहता तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत देता आले तरच त्याचा भरवसा. जो हात वाचविता येतो, तो पुन्हा शिकवावा लागत नाही.

शासनाचेही काम उरले आहे. २०२१ साली संसदेने जो कायदा केला, त्याने व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांसह आरोग्यक्षेत्रातील सहायक व्यवसायांना वैधानिक नियमनाच्या कक्षेत आणले. कायद्याने उपचारकाला दर्जा मिळतो. तो जिल्ह्याच्या गावी पोचतो की नाही, हे नेमणुकांवर आणि प्रवासभत्त्यांवर अवलंबून असते. जिल्हा रुग्णालयातील एक उपचारक रुग्णाच्या पत्नीला एका सकाळी जे शिकवील, ते ती पुढे वर्षभर रोज दोन वेळा करील. कमलाबाईंनी विद्यालय काढले ते याच हिशेबाने: एका माणसाने पुष्कळ हात बरे करण्यापेक्षा पुष्कळ माणसांना हात शिकविता आले पाहिजेत.

१९०९ साली इंग्लंडहून आफ्रिकेस परतताना गांधीजींनी जहाजावर ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. उजवा हात लिहून लिहून थकला, तेव्हा काही पाने त्यांनी डाव्या हाताने लिहिली. त्या पानांवरील अक्षर सुबक नाही, पण ते त्यांचेच आहे, आणि ग्रंथाच्या नावाला ते शोभते. अर्धांगवायूतून उठणाऱ्या माणसाचा पहिला घासही असाच असतो. भात सांडतो, वरण मनगटावर ओघळते, सदऱ्यावर डाग पडतात आणि शेजारी बसलेल्या पत्नीचा हात आपोआप पुढे सरसावतो. त्या क्षणी तिने तो हात आवरून धरणे फार कठीण असते, कारण आजवर तिला शिकविलेली सेवा नेमकी उलटी आहे. तो आवरून धरावा, पाण्याचा पेला जरा जवळ सरकवून ठेवावा आणि तो सांडलेला भात त्याचा त्याला गोळा करू द्यावा. जेवण अर्धा तास लांबेल. पण पानावरून उठताना तो माणूस स्वतःच्या हाताने जेवलेला असेल.